दिवस व घटका सांगणाऱ्यांविषयी

पाठ : मार्क १३:२८–३७, लूक १३:१–५

जगाच्या शेवटाची तारीख सांगणारे एखादे पत्रक किंवा फोनवरील संदेश घेऊन कोणी भ्यालेला मनुष्य आला, तर उपदेशकाने त्यास हसू नये. त्याने पाठ उघडून दाखवावा. तो दिवस दूतांस ठाऊक नाही, पुत्रासही नाही, असे प्रभूने स्वतः सांगितले. मग पुत्रास जे ठाऊक नाही ते छापखान्यास कोठून कळले, एवढेच शांतपणे विचारावे.

पुणे जिल्ह्यातील वृद्धांस १९६२ सालची अष्टग्रही आठवत असेल. त्या फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांस आठ ग्रह मकर राशीत येणार म्हणून देशभर भय पसरले, यज्ञ झाले, दाने दिली गेली. ग्रह ठरल्या वेळी आले. ५ तारखेस सूर्यग्रहणही झाले. जग मात्र होते तसेच राहिले. गणित खरे होते, त्यास चिकटविलेला अर्थ खोटा होता. याच्या उलट, अवघ्या सात महिन्यांपूर्वी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे शहरात हाहाकार झाला. धरणाचे काम पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठले होते. तेथे पाहावयाचे ते आकाशात नव्हते, बांधात होते.

ही चूक आपल्या लोकांकडूनही झाली आहे. अहमदनगरास १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र निघाले. ते काढणारे मिशनरी ज्या अमेरिकेतून आले, तेथेच विल्यम मिलर नामक शेतकरी उपदेशक दानीएलाच्या ग्रंथावरून हिशेब मांडीत होता. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी बटाट्याचे पीक जमिनीतच राहू दिले. मंचरच्या शेतकऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. मिलर लबाड नव्हता. प्रामाणिक मनुष्यही चुकीचा हिशेब करू शकतो, आणि हेच अधिक भयंकर.

दुसरे भय गुप्त कटाचे. करोनाच्या साथीत लसीसच श्वापदाची खूण म्हणणारे संदेश फिरले. प्रकटीकरणाचा १३ वा अध्याय पुरता वाचावा : ती खूण श्वापदाच्या उपासनेशी बांधलेली आहे. दवाखान्यात दंड पुढे करणे ही कोणाची उपासना नव्हे. देवी रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, तो लसीमुळेच. लोक ज्यास कट म्हणतात त्यास तूही कट म्हणू नको, त्यांचे भय तुझे होऊ देऊ नको, अशा अर्थाची आज्ञा यशयास झाली होती (यशया ८:१२). ती आजही मोडली जाते, आणि बहुधा अंगणात खाटेवर बसून.

आता आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाविषयी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसानंतर, डोंगराचा कडा गावावर आला. सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकास गावच दिसेना, तेव्हा ती बातमी बाहेर गेली. अशा वेळी 'हे कोणत्या पापाचे फळ? हे शेवटाचे चिन्ह काय?' असे म्हणण्याचा मोह होतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हे प्रभूने साफ नाकारले. पश्चात्तापाचे बोलणे त्याने ऐकणाऱ्यांकडे वळविले, मेलेल्यांकडे नव्हे. ज्यांची लेकरे मातीखाली गेली, त्यांच्या दारी चिन्हांचा अर्थ सांगत जाणारा उपदेशक त्या बुरुजाखाली आणखी एक दगड टाकतो.

मग जागे राहणे म्हणजे काय? मार्काच्या पाठातील धनी परदेशी जाताना प्रत्येक चाकरास त्याचे त्याचे काम नेमून देतो, व द्वारपाळास जागे राहावयास सांगतो. द्वारपाळाने दारी असावे. धनी कोणत्या प्रहरी येईल याचे पंचांग करू नये.

येत्या पावसाळ्यापूर्वी हा पाठ घेणाऱ्या उपदेशकाने प्रथम लूकचा उतारा वाचावा. नंतर मंडळीस विचारावे की, डोंगराच्या पायथ्याशी कोणाची घरे आहेत, वरच्या उतारास कोठे भेग पडली आहे काय, कोठे नवाच गढूळ झरा फुटला आहे काय. असे काही आढळले तर त्याच दिवशी तलाठ्याकडे जावे. त्या घरांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांस रात्री कोणाच्या ओसरीवर निजवावयाचे, हे सभा उठण्याआधी ठरवावे.