दाखल्यात नसलेला रकाना

जून महिन्यात शाळा उघडतात आणि नव्या विद्यार्थ्यांचे दाखले मुख्याध्यापकांच्या टेबलावर जमू लागतात. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, हे सर्व रकाने शिक्षकबंधुभगिनींस तोंडपाठ असतील. त्यांवरून मुलाविषयी बरेच काही कळते. परंतु त्या मुलावर कोणता प्रसंग गुदरून गेला आहे, हे दाखला सांगत नाही. जून २००६ मध्ये माझ्या वर्गातील एका मुलाचा दाखला असाच तयार झाला. प्रगती : बरी. वर्तणूक : चांगली. कारण : स्थलांतर. तिन्ही नोंदी खऱ्या होत्या, आणि तिन्ही मिळून त्या मुलाविषयी काहीच सांगत नव्हत्या.

मी त्या वेळी घाटकोपर आणि साकीनाका यांच्या दरम्यानच्या डोंगरवस्तीतील एका मराठी शाळेत तिसरीचा वर्गशिक्षक होतो. खेड्यातील शिक्षकांस ही मुंबईची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. त्या डोंगरउतारावर एकावर एक चढलेल्या घरांत सातारा, पुणे, रत्नागिरी या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे कितीतरी आहेत. शहरात संकट कोसळले की अशी कुटुंबे प्रथम मुलांस गावी धाडतात, आजोळी किंवा चुलत्याकडे. आणि ती मुले आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन बसतात. म्हणजे आघात घडतो एका शिक्षकाच्या वर्गात आणि त्याचे ओझे पेलावे लागते दुसऱ्या शिक्षकास.

दिनांक २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यास अवघा ७३. एकाच शहराच्या एका टोकास नेहमीचा पावसाळी दिवस आणि दुसऱ्या टोकास जलप्रलय अशी ती स्थिती होती. मिठी नदी फुगली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि साकीनाक्याजवळ डोंगराचा कडा खालच्या वस्तीवर कोसळून अनेक माणसे गाडली गेली. घाटकोपरच्या डोंगरवस्तीने असा घाला पूर्वीही सोसला होता, जुलै २००० मध्ये. त्या रात्री उपनगरांतील कित्येक शाळांत मुले घरी जाऊ शकली नाहीत. आमच्या शाळेतही तीसएक मुले राहिली. आम्ही खिचडी शिजविली, बाकांवर सतरंज्या टाकल्या, गोष्टी सांगितल्या. त्या तिसांत हा मुलगा होता. सकाळी त्याचे वडील त्यास नेण्यास आले, ते एकटेच. आई आणि धाकटी बहीण घरात होत्या, आणि घर उरले नव्हते.

तीन आठवड्यांनी तो शाळेत आला. मी त्यास जवळ घेतले, नवी पाटी-पुस्तके दिली, आणि मुलांस बजावले की, त्याच्यापाशी तो विषय कोणी काढू नये. आपले कर्तव्य पार पडले असे मला वाटले. मुलगा शांत होता, रडत नव्हता, पाढे म्हणत होता. 'सावरला पोरगा' असे मी शिक्षककक्षात म्हणालोही.

सप्टेंबरात मी वर्गास निबंध घातला : 'पावसाळ्यातील एक दिवस'. हा विषय आपण सर्वांनीच लिहिला आहे आणि सर्वांनीच घातला आहे. त्या मुलाची वही कोरी आली. मी कारण विचारले, तो बोलला नाही. पुन्हा विचारले, तरीही नाही. तेव्हा मी त्यास उद्धट ठरवून वर्गाबाहेर उभे केले. बाहेर पाऊस पडत होता. आपल्या हातून काय घडले हे माझ्या ध्यानात येण्यास वीस मिनिटे लागली. मी बाहेर गेलो तेव्हा तो भिंतीस पाठ लावून, दोन्ही कान हातांनी घट्ट झाकून बसला होता आणि त्याची विजार ओली झालेली होती.

त्यानंतर पालिकेच्या एका रुग्णालयातील मानसोपचार विभागात मी त्याच्या वडिलांसमवेत गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी जे समजावून सांगितले, ते शिक्षकाच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे विस्ताराने देतो.

सामान्य आठवण आणि आघाताची आठवण यांत भेद आहे. गतवर्षीची जत्रा आठवली तर ती गतवर्षीची म्हणूनच आठवते. परंतु जिवावरचा प्रसंग पुष्कळदा भूतकाळात जमा होत नाही. पत्र्यावरील पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, दूरवर झालेला धडाका, एवढ्यानेही तो प्रसंग आत्ता, येथे घडत आहे असे शरीरास वाटते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात कळ येते. मूल खोटे बोलत नसते आणि हट्टही करीत नसते. लहान मुलांत हे दुःख शब्दांवाटे क्वचितच बाहेर येते. ते पोटदुखी, अंथरूण ओले होणे, सुटलेली बोबडी पुन्हा लागणे, वडिलधाऱ्यांस क्षणभरही न सोडणे अशा मार्गांनी येते. थोडी मोठी मुले चिडखोर होतात, शाळा चुकवितात, किंवा आपल्याच चुकीने हे झाले असे मनाशी धरून बसतात. या मुलाने पुढे वडिलांस सांगितले की, त्या दिवशी शाळेत न जाता घरी थांबलो असतो तर मी बहिणीस बाहेर काढले असते. हे सांगण्यास त्यास सात महिने लागले.

खेळही पाहावा लागतो. मधल्या सुट्टीत हा मुलगा खडूची रिकामी खोकी एकावर एक रचीत असे आणि वरून वाळू लोटून ती पुरीत असे. पुन्हा उपशी, पुन्हा रची. मला तो खेळ अभद्र वाटला व मी तो बंद केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंद करू नका, जवळ बसा. अमेरिकेत चौचिला या गावी १९७६ मध्ये शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण होऊन त्यांस जमिनीखाली पुरलेल्या एका वाहनात कोंडले होते. सर्व मुले जिवंत सुटली. लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने त्यांचा पुढे कित्येक वर्षे अभ्यास केला. मुले तोच प्रसंग खेळात पुनःपुन्हा उभा करीत, पण त्यात आनंद नसे, आणि केवळ त्या खेळाने भीतीही ओसरत नसे. म्हणून खेळ थोपवावयाचा नाही आणि मुलास त्यात एकटेही सोडावयाचे नाही. मी जवळ बसू लागलो. एके दिवशी सहज विचारले, 'आता यांना काढायला कोण येईल?' पुष्कळ वेळ तो गप्प राहिला. मग त्याने एक डस्टर उचलून वाळूत घातले आणि म्हणाला, 'सर, हा बुलडोझर.'

येथे एका सामान्य चुकीविषयी लिहिणे प्राप्त आहे. आपत्तीनंतर वस्तीत अनेक भली माणसे आली. कोणी मुलांस दरडीचे चित्र काढावयास लावले, कोणी 'काय काय पाहिलेस ते सांग, मन मोकळे कर' असा आग्रह धरला. हेतू शुद्ध होता. परंतु घडलेला प्रसंग तपशिलाने वदवून घेतल्याने मन हलके होतेच असे नाही. कित्येकदा जखम अधिक उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराविषयी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतही तसा आग्रह धरू नये असेच सांगितले आहे. पाहावे, ऐकावे, आणि योग्य त्या मदतीशी जोडून द्यावे, अशी तिची तीन सूत्रे आहेत. मूल बोलू लागले तर सर्व कामे बाजूस ठेवून ऐकावे. न बोलले तर त्याचे न बोलणे मान्य करावे. माझा प्रथमचा हुकूम, की कोणी विषयच काढू नये, हाही तितकाच चुकीचा होता. त्याने त्या मुलाभोवती भिंत उभी राहिली.

मग शिक्षकाने करावयाचे काय? ते फार साधे आहे, इतके की त्यास उपचार म्हणावयाचा संकोच वाटतो. रोज तेच वेळापत्रक, तीच घंटा, तीच प्रार्थना. ज्याच्या पायाखालची जमीन एकदा सरकली, त्यास उद्या दहा वाजता काय होणार हे ठाऊक असणे हाच मोठा आधार असतो. मुलाची जागा दाराजवळ असावी. वाटेल तेव्हा व्हरांड्यात जाऊन येण्याची त्यास मुभा असावी. फटाके, रंगीत तालीम, पत्र्याची दुरुस्ती, असे आवाज होणार असतील तर आधी सांगावे. शिक्षा आणि उपहास पूर्ण वर्ज्य. आणि शाळेत एक माणूस असे असावे की ज्याच्याकडे ते केव्हाही जाऊ शकेल. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लहान मुलांसाठी शिशुगृहे चालविली. बाँबपेक्षाही आईपासून झालेली ताटातूट मुलांस अधिक जाचते, असे त्यांस तेथे आढळले. आईची जागा शिक्षक घेऊ शकत नाही. परंतु रोज भेटणारे, न बदलणारे एक माणूस तो निश्चित होऊ शकतो.

बहुतेक मुले एवढ्या आधारावर काही आठवड्यांत सावरू लागतात. महिना उलटला तरी झोप, भूक, शाळा यांची घडी बसत नसेल, मूल स्वतःस इजा करीत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर मात्र वैद्यकीय मदतीस विलंब लावू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे मुलास पाठविता येते. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवाही सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येते. घरची माणसे देवऋषाकडे जात असतील तर त्यांची टवाळी करू नये. डॉक्टरकडेही नेऊ या, इतकेच म्हणावे, आणि शक्य तर स्वतः सोबत जावे.

तर जून २००६. मुलाच्या वडिलांनी त्यास पाटण तालुक्यात आजीकडे ठेवण्याचे ठरविले. दाखला तयार झाला आणि तो हाती घेता माझ्या मनात आले की, हा मुलगा डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईपेक्षाही अधिक दिवस पाऊस पडणाऱ्या गावी चालला आहे आणि तेथील गुरुजींस काहीच ठाऊक असणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली गेली होती. मळीण २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली. अशा मुलांचे दाखलेही याच छापील नमुन्याचे.

मी वडिलांची संमती घेतली, मुलासही विचारले, आणि बंद पाकिटात एक पत्र दिले. प्रसंग दोन ओळींतच लिहिला. बाकी सर्व उपयोगाचे होते : दाराजवळ बसतो, पावसाचा जोर वाढला की कान झाकतो, तेव्हा नाव घेऊन हळू हाक मारावी, एकदम हात लावू नये, पावसावर निबंध घालू नये, गणित आवडते, खेळ मोडू नये. आणि शेवटी, हे पत्र वर्गात कोणास दाखवू नये, 'दरडीतला मुलगा' अशी त्याची ओळख होऊ नये. पत्र लिहिताना त्यातील निम्म्या गोष्टी मी चुकून शिकलो होतो याची लाज वाटत होती.

पुढच्याच महिन्यात, ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी, पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत स्फोट झाले. आमचे एक सहकारी बोरिवलीस राहत; त्यांपैकीच एका गाडीच्या दुसऱ्या डब्यात ते होते. दुसऱ्या दिवशी गाड्या धावू लागल्या, मुंबई डगमगली नाही असे वर्तमानपत्रांनी लिहिले, आणि आमचे सहकारीही वेळेवर हजर झाले. आम्ही त्यांचे कौतुक केले. कित्येक महिन्यांनी त्यांनी सांगितले की, अंधेरीस फलाटावर ते रोज तीन-चार गाड्या सोडून देतात, घरी पोचण्यास दहा वाजतात आणि पत्नीस शाळेत काम असल्याचे सांगतात. मुलास लागू असलेले सर्व काही शिक्षकासही लागू आहे. त्यांस डॉक्टरकडे जाण्यास आम्ही सहा जणांनी मिळून राजी केले. आधीच कोणी विचारले असते तर ते आधीच गेले असते, असे ते पुढे म्हणाले.

पाटणकडील गुरुजींचे उत्तर ऑगस्टमध्ये आले. त्यांनी एका सरळ बाजूच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तोच उलटा बसवून पर्जन्यमापक केला होता आणि सकाळी पट्टीने पाणी मोजून आकडा फळ्यावर लिहिण्याचे काम या मुलाकडे दिले होते. मुलास गणित आवडते असे आपण लिहिले होते, म्हणून, एवढेच कारण त्यांनी दिले होते. 'रात्री अजून दचकतो, आजी सांगते. मुसळधार असली की येत नाही. मी घरी जाऊन बसतो,' असेही होते. सोबत मुलाच्या अक्षरातील जुलैचा तक्ता होता. सव्वीस तारखेपुढील रकाना कोरा होता. त्याविषयी गुरुजींनी त्यास काही विचारले नव्हते. सत्तावीसपुढे लिहिले होते : दोन दिवसांचे मिळून ८४.