थंडीत काटक होणारी पिके : पेशीपटलाचा अभ्यास



सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपली अनेक कुटुंबे शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगत आली आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत शाळू भरला तर काढणीचे काम मिळते, जनावरांना कडबा मिळतो आणि घरात भाकरी येते. परंतु शाळू पोटरीत असताना थंडीची लाट आली, तर कणसात दाणे कमी भरतात. शेजारच्या वाफ्यातील गहू मात्र त्याच थंडीत जोमाने फुटवे धरतो. हा दैवाचा कोप नव्हे. प्रत्येक घटनेला कारण असते, ही तथागतांची शिकवण आहे. तेव्हा हे कारण आपण समजावून घेऊ.

पेशीपटल म्हणजे काय?

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. ते प्रामुख्याने मेदाच्या कणांच्या दोन थरांचे बनलेले असून त्यात प्रथिने बसवलेली असतात. पाणी व क्षार यांची ये-जा या पटलातून होते. त्यासाठी पटल मऊ व प्रवाही राहावे लागते.

मेदात मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. त्या काड्यांच्या जुडीसारख्या घट्ट बसतात आणि लवकर गोठतात. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंधामुळे बाक येतो. वाकड्या काड्यांची जुडी घट्ट बांधता येत नाही. त्याप्रमाणे हा मेद थंडीतही पातळ राहतो.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः पाहावे. एका बाटलीत खोबरेल तेल व दुसऱ्या बाटलीत करडईचे तेल घेऊन डिसेंबरच्या रात्री दोन्ही बाहेर ठेवावीत. सकाळी खोबरेल गोठलेले दिसेल, करडईचे तेल पातळच असेल. खोबरेलात संपृक्त, तर करडईत असंपृक्त मेदाम्ले जास्त असतात.

गहू काटक कसा होतो?

थंडी हळूहळू वाढत गेली तर गहू, राय, बार्ली ही पिके तिची सवय करून घेतात. यालाच हार्डनिंग म्हणतात. थंड देशांतील हिवाळी गहू शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात काही आठवडे राहिला, की त्याच्या पटलातील असंपृक्त मेदाम्लांचे, विशेषतः लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण सहसा वाढते. पेशीतील विकरे मेदाम्लांत नवे दुहेरी बंध निर्माण करतात.

कडाक्याच्या थंडीत पेशींच्या बाहेर बर्फ होतो. तो पेशीतील पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसते आणि पटल फाटण्याची वेळ येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लिंच व स्टेपोंकस यांनी 1987 साली रायच्या रोपांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काटक झालेल्या रोपांच्या पेशीपटलात फॉस्फोलिपिडांचे प्रमाण वाढले व सेरेब्रोसाइड नावाच्या मेदाचे प्रमाण घटले, असे त्यात आढळले. असे पटल आक्रसण्याचा ताण अधिक सोसते. पेशीत साठणारी शर्कराही मदत करते. पुन्हा ऊब मिळाली की हा काटकपणा ओसरतो; तो कायमचा नसतो.

आपल्याकडील गहू वसंती प्रकारचा आहे. त्याला हिवाळी गव्हाइतका काटकपणा येत नाही. पण आपल्याकडील थंडीत तेवढी गरजही पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात. खालच्या गावांत असे क्वचितच घडते.

शाळूची अडचण

ज्वारी मूळची आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातील. तिला शून्याच्या बऱ्याच वरची थंडीही बाधते. फुलोऱ्यापूर्वी रात्री फार थंड गेल्या तर परागकण नीट तयार होत नाहीत. याची कारणे अनेक आहेत. सगळा दोष पटलावर टाकता येणार नाही.

मग पटलातील मेदाचा थंडीशी खरोखर संबंध आहे, हे कशावरून? जपानमधील नोरिओ मुराता व सहकाऱ्यांनी 1992 साली तंबाखूच्या रोपांत दुसऱ्या वनस्पतींची जनुके घालून हरितलवकाच्या पटलातील एका मेदाची संपृक्तता बदलली. संपृक्तता वाढलेली रोपे थंडीला अधिक हळवी झाली, तर असंपृक्तता वाढलेली रोपे अधिक सोशीक झाली. नुसते ऐकून मानू नये, तपासून पाहावे, हा कालाम सुत्ताचा उपदेश प्रयोगशाळेत असा उपयोगी पडतो.

शेतात आपल्या हाती आहे ते असे : पेरणी वेळेवर करणे, म्हणजे पोटरीची अवस्था कडक थंडीत सापडत नाही, आणि पाणी असेल तेथे थंड रात्री हलके पाणी देणे.

एक सावधगिरी

गहू जन्मतः थंडीत काटक होऊ शकतो, ज्वारीला ते तेवढे जमत नाही. यावरून कोणी माणसांतही जन्माने कमीजास्त ठरवू लागेल, तर त्याला वासेट्ठ सुत्त दाखवावे. गवत, झाडे व प्राणी यांच्यात जातीजातीची निराळी लक्षणे असतात, माणसामाणसांत तशी नसतात, असे तथागतांनी त्यात स्पष्ट केले आहे. माणूस कर्माने ओळखला जातो, जन्माने नव्हे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत प. पू. बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. त्याच मातीतील मुलामुलींनी शाळूच्या मोकळ्या कणसाकडे पाहून ‘असे का?’ हा प्रश्न विचारावा, यासाठीच हा लेखनप्रपंच.

जय भीम!