निकालाची खिडकी

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती. शाळेतील मूल्यमापनावरून गुण दिले होते. साताऱ्यात, सांगलीत, साऱ्या महाराष्ट्रात मुले मोबाइल घेऊन बसली. बैठक क्रमांक टाकला, बटण दाबले. पण पान काही उघडेना! कित्येक तास असेच गेले. अखेर शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली.

निकाल तयार होता. तो देणारी खिडकी तुंबली होती.

मुलांनो, आपण बटण दाबतो तेव्हा आपला मोबाइल दूरच्या एका संगणकाकडे अर्ज पाठवतो. ('अर्ज' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच!) अर्जाला उत्तर देणाऱ्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात. एस.टी. स्टँडवर पासाची एकच खिडकी उघडी असेल आणि पाचशे माणसे आली, तर काय होईल? सर्व्हरचेही तेच होते.

म्हणून एकाच निकालाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवतात. त्यांच्यापुढे अर्ज वाटून देणारे एक यंत्र असते. ज्या सर्व्हरवर गर्दी कमी, तिकडे ते नवा अर्ज पाठवते. शिवाय दर काही सेकंदांनी ते प्रत्येक सर्व्हरला विचारते, "चालू आहेस ना?" उत्तर आले नाही, तर तिकडे अर्ज पाठवणे थांबवते. निकाल पाहणाऱ्याला यातले काही कळतही नाही. हे वाटणारे यंत्रच बंद पडले तर? म्हणून तेही दोन ठेवतात.

पण सगळे सर्व्हर एकाच इमारतीत असून भागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी वरच्या मजल्यावरचा सर्व्हर कोरडा राहील. पण वीज गेल्यावर तो काय करणार? समजा, दुसरी प्रत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, साताऱ्यात ठेवली. सांगलीचा सर्व्हर गप्प झाला, की सारे अर्ज साताऱ्याकडे वळवता येतील.

यात एक अडचण आहे. सांगलीच्या प्रतीत एका मुलाचे ४३ गुण दुरुस्त करून ५३ केले आणि ही दुरुस्ती साताऱ्याला पोहोचण्याआधीच सांगलीचा सर्व्हर बंद पडला, तर सातारा ४३ च दाखवील. माझ्या मते उशिरा कळलेल्या निकालापेक्षा चुकीचा निकाल वाईट. निकाल सहसा बदलत नाही, हे बरे. बँकेतील शिल्लक मात्र दिवसभर बदलत असते. तिथे दोन्ही प्रती सारख्या ठेवणे फार कठीण असते.

मंडळाचे निकाल अनेक संकेतस्थळांवर मिळतात. तरीही निकालाच्या दिवशी मी वर्गात सांगतो, "पान उघडले नाही, तर थोडे थांबा." एका मुलाने दहा वेळा बटण दाबले, की रांगेत दहा अर्ज वाढतात.