‘लाय’ की ‘ले’?

प्रश्न : ‘तो पलंगावर पडला’ याचे इंग्रजी ‘ही लेड ऑन द बेड’ की ‘ही ले ऑन द बेड’?

उत्तर : दुसरे. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, अकर्मक. रूपे : लाय, ले, लेन. ‘ले’ म्हणजे ठेवणे. त्याला कर्म हवेच. रूपे : ले, लेड, लेड. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. गोंधळ होणारच! आपल्या ‘पडणे-पाडणे’सारखीच ही जोडी : मुळात ‘ले’ हे ‘लाय’चे प्रयोजक रूप. झाड पडते ते ‘फॉल’, पाडतात ते ‘फेल’, तसेच. बोलताना मातृभाषिकही सर्रास ‘लेइंग डाउन’ म्हणतात. परीक्षेत मात्र ‘लाइंग’च लिहा. खोटे बोलण्याचे ‘लाय’ वेगळे आणि गंमत म्हणजे अगदी सरळ : लाय, लाइड, लाइड.