ऐकायचं काय, मोजायचं किती

बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई. या तिघांच्या जुन्या तबकड्या ऐकायला आज मोबाइलच्या डेटापलीकडे एक पैसा लागत नाही. तरीही ‘आता निवांत गाणं ऐकायचंय, काय घेऊ?’ असं विचारणारा माणूस बहुधा सहा-सात हजारांचं काहीतरी घेऊन घरी येतो आणि दिवाळीच्या साफसफाईत ते माळ्यावर जातं. पैसे जातात ते चुकीच्या जागी. माझा हिशेब असा : प्रत्यक्ष संगीतावर वर्षाला दीड हजारांपेक्षा जास्त घालवू नका, बाकीचे स्पीकरवर आणि मैफलीच्या तिकिटावर घाला. खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत, घेण्याआधी ताजा भाव पाहून घ्या.

फुकटात काय मिळतं

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० च्या आधी बाजारात आलेल्या तबकड्यांच्या मुद्रणावर आता कुणाची मालकी नाही. (शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ऐकणाऱ्याला त्याची फिकीर नाही, कार्यक्रम करणाऱ्याला आहे.) त्यामुळे संग्राहकांनी या तबकड्या मोठ्या संख्येनं यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर चढवून ठेवल्या आहेत, आणि अगदी राजरोस.

सुरुवात तिथूनच करावी. गौहर जानची मुद्रणं १९०२ सालची, कलकत्त्यातली. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, कारण तबकडी छापली जायची जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला हे कोण गातंय हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता. त्यानंतर अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी घ्या. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करायचा, अंतरा घ्यायचा, चार जागा दाखवायच्या आणि खरखर सुरू व्हायच्या आत उतरायचं. हे एकदा कानात बसलं, की तासभराच्या ख्यालात गायक वेळ कुठे घालवतो आणि कुठे वाया घालवतो, दोन्ही ऐकू येऊ लागतं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती सोडून चालणारच नाही.

नाट्यसंगीत मात्र नाटकांच्या क्रमानं ऐका. ‘मानापमान’ १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘स्वयंवर’ १९१६ चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पाचच वर्षांचं अंतर, पण ‘स्वयंवर’मध्ये रागदारी रंगभूमीवर ठाण मांडून बसलेली आहे. या दोन्हींतली बालगंधर्वांची पदं ऐकून झाली, की लगेच मास्टर दीनानाथ लावा. एकाच रंगभूमीवरचे दोन स्वभाव शेजारी शेजारी ठेवले, की कुणाची बाजू घ्यायची हे तुमचं तुम्हाला कळेल. मी दीनानाथांची घेतो आणि पुण्यात ते मोठ्यानं बोलत नाही. तिथून उडी मारून १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ला या. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली, वसंतराव देशपांड्यांचा गळा.

आकाशवाणीही फुकटच. शास्त्रीय संगीताला वाहिलेली तिची ‘रागम’ वाहिनी २०१६ पासून चालू आहे आणि प्रसार भारतीच्या अॅपवर ऐकता येते. काय लागेल ते आपल्या हातात नसतं. मला विचाराल तर नवख्यासाठी तेच बरं.

महिना शंभर-दोनशेचं दुकान

फुकटात एकच मोठी अडचण आहे. विलंबित एकतालात गायक समेवर येत असतो आणि मध्येच साबणाची जाहिरात वाजते. भावगीताला ते खपून जातं, ख्यालाला नाही. तेव्हा पैसे भरायचे ते जाहिरात काढण्यासाठी. स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक यांच्या एकट्याच्या योजना साधारण १०० ते २०० रुपये महिना या पट्ट्यात येतात. कुटुंबासाठीची योजना घेतली तर सहा जणांत तो खर्च माणशी चहाच्या कपावर येतो. घरातल्या मुलानं आधीच घेतलेली नाही ना, हे विचारून घ्या. यूट्यूब म्युझिकला माझं झुकतं माप आहे. अधिकृत कंपन्यांच्या मुद्रणांबरोबर संग्राहकांनी चढवलेल्या मैफलीही तिथेच सापडतात. आवाजाच्या बाबतीत मात्र अॅपल पुढे, आणि चांगल्या प्रतीचा आवाज ते वेगळे पैसे न घेता देतं.

अॅप घेतल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. ‘क्रॉसफेड’ बंद करा, नाहीतर भैरवी संपायच्या आत पुढचं गाणं तिच्यावर चढतं. ‘ऑटोप्ले’ बंद करा, नाहीतर मल्लिकार्जुन मन्सूरांच्या मागोमाग कुणाचं तरी रीमिक्स येतं. आवाजाची प्रत सगळ्यात वरची ठेवा. मग तासाला १४०-१४५ एमबी किंवा त्याहूनही जास्त डेटा जातो, म्हणून घरच्या वायफायवर उतरवून ठेवायची सवय लावा.

शोधताना फसवणूक होते ती नावांत. संगीतकार गायकाच्या जागी, गायक गायब, रागाचं स्पेलिंग चार तऱ्हांचं. देवनागरीत शोधा, रोमनमध्येही शोधा, आणि लांबी बघा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असायची. तुम्हाला हवा असलेला एलपीवरचा राग चार मिनिटांचा दिसला तर तो कापलेला आहे, पुढे चला. जुन्या भावगीतांत मूळ गायिकेऐवजी नंतर कुणीतरी पुन्हा गायलेली आवृत्तीच वर येते. चित्र मूळ तबकडीचं असलं तरी आवाज तिचा असेलच असं नाही.

एलपीच्या काळातलं माझं पहिलं टोपलं असं : अमीर खाँचा मारवा, किशोरीताई आमोणकरांचा भूप, कुमार गंधर्वांचं ‘त्रिवेणी’, मल्लिकार्जुन मन्सूरांचा कुठलाही अनवट राग आणि भीमसेन जोशींची अभंगवाणी. वाद्यसंगीतातून आत शिरायचं असेल तर १९६७ चं ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. जाणकार त्याला सोपं म्हणून नाकं मुरडतात, पण ख्यालाला कंटाळणारी माणसंही ते शेवटपर्यंत ऐकतात.

‘गीतरामायणा’बद्दल एक सूचना. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर ती ५६ गीतं झाली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते. बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातला संच. दोन्ही ऐकण्यासारखे, फक्त काय घेतोय ते ठाऊक असावं. परदेशातल्या मुलांकडे हेच सापडत नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोष शोधणाऱ्याचा नसतो. हक्क देशागणिक वेगळे असतात, तिकडे वर्गणीही दहा डॉलरच्या वर जाते आणि आपली काही मुद्रणं त्या यादीत नसतातच.

आणखी एक. ही सगळी भाड्याची जागा आहे. विंक म्युझिक हे अॅप २०२४ साली बंद झालं आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या त्याच्याबरोबर गेल्या. आवडलेल्या मुद्रणाचं नाव, गायक, राग आणि वर्ष वहीत लिहून ठेवा. वही दहा रुपयांना मिळते.

खोक्यातला रेडिओ

सारेगामाचं ‘कारवाँ’, म्हणजे आत गाणी भरूनच मिळणारं रेडिओसारखं यंत्र, २०१७ मध्ये आलं. मराठी गाण्यांचंही मिळतं. मोठं साधारण सहा-सात हजारांना, छोटं दोन-अडीच हजारांच्या आसपास. आजी-आजोबांना स्क्रीन नको असेल, बटण फिरवलं की सुधीर फडके लागायला हवे असतील, तर जरूर घ्या. इतरांनी थोडं थांबावं. आत भरलेली गाणी त्या एकाच कंपनीच्या, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या खजिन्यातली. खजिना मोठा आहे हे खरं, पण कॅसेटच्या जमान्यात पुण्या-मुंबईतल्या छोट्या कंपन्यांनी जे काढलं ते त्यात नाही. यूएसबीची खाच असते, तिच्यात आपली गाणी लावता येतात. भेट देणाऱ्यानं पेनड्राइव्ह भरूनच द्यावा.

याच पैशात तीन हजारांचा बरा ब्लूटूथ स्पीकर आणि दीड-दोन हजारांचा वायरवाला हेडफोन येतो. मोबाइलला वायरची खाच नसेल तर काही शेकड्यांचा जोड घ्यावा लागेल. तानपुरा नीट ऐकू येतो की नाही, हीच स्पीकरची परीक्षा. दुकानात ढोलताशाचं गाणं लावून दाखवतील. तुम्ही किशोरीताई लावायला सांगा. तानपुऱ्याच्या जागी नुसती गुणगुण आली तर पैसे खिशात ठेवा.

तबकडीचा नाद

इथे पैसा खरा जातो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. ७८ वेगाच्या जुन्या तबकड्या ५० पासून ३०० रुपयांपर्यंत, जुन्या एलपी ३०० ते १५०० पर्यंत, बालगंधर्वांचं नाव असेल तर विक्रेता तुमच्या चेहऱ्याकडे बघून आकडा सांगतो. चेहरा कोरा ठेवा. नव्यानं छापलेल्या एलपी अडीच हजारांपासून पुढे.

तबकडी कडेनं धरा आणि उजेडात तिरपी करा. उजेड पृष्ठभागावरून सरळ सरकला पाहिजे. केसासारख्या रेघा चालतील, नख अडकेल असा ओरखडा नको. खाचांमधला काळा रंग करडा दिसला तर समजा, जड सुई त्यावर वर्षानुवर्षं फिरली आहे. मग ती धुऊन काही उपयोग नाही, खरखर खाचेतच बसलेली असते. मधल्या भोकाभोवती कागदी लेबलवर बारीक ओरखडे असतात, मालकानं अंदाजानं तबकडी बसवताना पडलेले. जितके जास्त तितकी ती जास्त वाजलेली. पांढरी बुरशी मात्र बहुधा निघते, तिच्यावरून भाव पाडून घ्या. ७८ची तबकडी लाखेची असते, त्यामुळे तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावाल तर पृष्ठभागच विरघळेल. साधं पाणी, मऊ कापड, लेबल कोरडं. आणि ती पडली तर फुटते, म्हणून रिक्षात मांडीवर घेऊन या.

वाजवायचं कशावर? सूटकेससारखे दिसणारे पाच-आठ हजारांचे प्लेअर दिसायला गोड, पण अनेकांची सुई जड असते आणि तबकडी झिजवते. बरा टर्नटेबल १५-२० हजार, त्याला लागणारे स्पीकर आठ-दहा हजार, काही वर्षांनी नवी सुई दोन-तीन हजार. सुरुवातीच्या मॉडेलांत ३३ आणि ४५ हेच वेग असतात. ७८ साठी वेग वेगळा आणि सुईही जाड लागते, कारण त्या काळची खाच रुंद. दुकानदाराला हे दोन प्रश्न आधी विचारा. एकूण २५-३० हजारांच्या खाली हा नाद सांभाळता येत नाही, आणि माझ्या मते पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेला जाऊच नये. अपवाद एकच : घरात आजोबांच्या तबकड्यांची पेटी असेल तर.

अॅपवर जे धड मिळत नाही

लावणीत सुलोचना चव्हाण सर्वत्र आहेत, ‘पिंजरा’ चित्रपटातली राम कदमांची गाणीही. बैठकीची लावणी ऐकायची तर यमुनाबाई वाईकर यूट्यूबवर शोधा. वामनदादा कर्डकांची भीमगीतं, अमर शेख, विठ्ठल उमप हे सगळं छोट्या कंपन्यांच्या कॅसेटांतून फिरलं, त्यामुळे याद्यांत विस्कळीत आहे. कॅसेट २०-५० रुपयांत जुन्या बाजारात पडलेल्या असतात, वाजवायचं यंत्र मात्र शेजाऱ्याकडे शोधावं लागतं. कोकणीतली लोर्ना आणि ख्रिस पेरी यांची गाणी अॅपवर आहेत. अजय-अतुलबद्दल सांगायला नको, ती तुमच्यापर्यंत पोचतातच.

तिकीट

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलेला. डिसेंबरात भारतीय बैठकीचं एका दिवसाचं तिकीट काहीशे रुपयांत मिळतं, खुर्ची महाग. पाठ धरत असेल तर खुर्चीच घ्या, बैठकीत चार तासांनी सगळं लक्ष गुडघ्यांकडे जातं. गावोगावच्या संगीत मंडळांची वर्गणी याहून स्वस्त पडते. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासूनचा आहे, ठाणे-डोंबिवलीकडेही अशी मंडळं आहेत. गुरुपौर्णिमेच्या आणि पुण्यतिथ्यांच्या मैफलींना बहुतेक ठिकाणी प्रवेश खुला असतो. शिष्य आधी गातात, मुख्य गायक शेवटी. लवकर गेलात तर पुढे जागा मिळते, आणि तिथून माइकशिवायचा तानपुरा ऐकू येतो.

शेवटचा खर्च न दिसणारा. पहिले एक-दोन महिने फुकट देणारी अॅप वर्गणी त्यानंतर आपोआप कापून घेतात. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा संदेश येतो, तो वाचा. मोबाइलवरून अॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती जिथून सुरू केली तिथेच, म्हणजे प्ले स्टोअर, अॅप स्टोअर किंवा यूपीआयच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन रद्द करावी लागते.