आवाजाची पाकिटे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मामू नोकरीसाठी दुबईला किंवा जेद्दाहला असतील. आज तुम्ही त्यांच्याशी निवांत बोलता. १९९० च्या सुमारास परदेशी फोन फार महाग होता. घड्याळाकडे पाहत दोनच शब्द बोलावे लागत. मग हा खर्च कमी कसा झाला? इंटरनेट टेलिफोनचा त्यात मोठा वाटा आहे. या फोनची आणि तो बनवणाऱ्या कारखान्यांची माहिती आपण घेऊ या.

जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलत असेपर्यंत एक वाट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागे. इंटरनेट टेलिफोनमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. त्या आकड्यांचे लहान लहान भाग करतात. प्रत्येक भाग म्हणजे जणू एक पाकीट. त्यावर पत्ता आणि क्रमांक असतो. एका सेकंदाच्या बोलण्याची साधारण ५० पाकिटे होतात. पलीकडे ती क्रमाने लावली जातात आणि पुन्हा आवाज ऐकू येतो. एकाच वाटेने सर्वांची पाकिटे जातात, म्हणून खर्च कमी येतो.

१९९५ साली इस्राएलमधील व्होकलटेक या कंपनीने असे बोलण्याचा संगणकीय कार्यक्रम विक्रीस आणला. पण त्यासाठी संगणक आणि माइक लागे. कचेरीतील माणसाला मात्र टेबलावरचा नेहमीचा फोन हवा होता. म्हणून साध्या फोनसारखा दिसणारा संच तयार झाला. त्याच्या पोटात छोटा संगणकच असतो.

आता एक अडचण होती. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशी कसा जुळणार? नळाचे आटे एकाच मापाचे असतील, तर कोणताही नळ कोणत्याही पाइपाला बसतो. फोनसाठी असे समान नियम १९९९ साली जाहीर झाले. त्यांना ‘सिप’ म्हणतात. हे नियम सर्वांना खुले होते. त्यामुळे नवे कारखानदारही या धंद्यात उतरू शकले.

चीनने १९८० साली शेनझेन आणि श्यामेन या बंदरांच्या शहरांत उद्योगांना खास सवलती दिल्या होत्या. तेथे बटणे, तारा, प्लास्टिकचे साचे असे सर्व सामान जवळपास मिळू लागले. श्यामेनमध्ये २००१ साली यीलिंक ही कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील जकात काढून टाकण्याचा करार अनेक देशांनी १९९६ सालीच केला होता. साहजिकच तेथील फोन देशोदेशी जाऊ लागले. भारतातही १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनला परवानगी मिळाली.

पण व्यापाराचे वारे बदलत असते. २०१८ पासून अमेरिकेने अनेक चिनी मालावरील जकात वाढवली. काही कंपन्या आपले काम दुसऱ्या देशांत नेऊ लागल्या. त्याहून मोठा बदल मोबाइलने घडवला. टेबलावरच्या संचाचे काम खिशातला फोन करू लागला. २०२० च्या टाळेबंदीत तर कचेऱ्याच ओस पडल्या. ज्यांना फक्त सुटे भाग जोडता येत होते, त्यांची अशा वेळी अडचण होते. यीलिंकसारखी कंपनी मात्र दूरच्या सभांसाठी कॅमेरे आणि कानाला लावायचे संचही बनवते. आवाज स्वच्छ पोहोचवण्याची तीच विद्या तिला तेथे उपयोगी पडते.

मराठीत ‘हुन्नर’ हा शब्द आहे. तो आपल्या उर्दूतला ‘हुनर’च. वस्तू जुनी होते, तिची मागणी घटते. पण ती कशी चालते हे जाणणारा कारागीर नवी वस्तू घडवू शकतो. म्हणून मित्रांनो, एखादे यंत्र हाती आले, तर ते नुसते वापरू नका. ते कसे चालते हेही समजून घ्या.

स्वाध्याय
१. इंटरनेट टेलिफोनचा खर्च कमी का येतो?
२. समान नियमांचा कारखानदारांना काय फायदा झाला?
३. वाक्यात उपयोग करा : ओस पडणे, उपयोगी पडणे.
४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द लिहा.