मुक्ताला पत्र: फोटोशॉप की एलिमेंट्स?

कोल्हापूर

चि. मुक्ता हिस,


तुझा मेसेज वाचला, आणि ताईनेही फोनवर सगळं सांगितलं. कॅमेरा घेतलास, बारशाच्या, डोहाळजेवणाच्या, हळदीच्या ऑर्डरी येऊ लागल्या, ऐकून फार बरं वाटलं. आता घोडं अडलंय ते फोटोशॉप घ्यायचं की फोटोशॉप एलिमेंट्स, यावर. गावातल्या स्टुडिओवाल्यांनी तुला सांगितलं की प्रोफेशनल व्हायचं तर फोटोशॉपच, एलिमेंट्स म्हणजे नवशिक्यांचं खेळणं. हे काही मला पटलं नाही. फोनवर असल्या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तू आज जे काम करतेस त्याला एलिमेंट्स पुरतं. फोटोशॉप तुला लागेल, कदाचित दोन वर्षांत, कदाचित लवकर. पण ते कशासाठी लागणार हे तुला नेमकं सांगता येईल तेव्हाच घे.

प्रोफेशनल या शब्दाचा धाक मनातून काढून टाक. टॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी केलेलं फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, तेव्हा ते फक्त मॅकिंटॉशवर चालायचं आणि त्यात लेअर्ससुद्धा नव्हत्या. लेअर्स आल्या 1994 साली. एकामागून एक अनेक पावलं मागे जाता येईल अशी हिस्टरी आली 1998 ला, आणि चेहऱ्यावरचा डाग आजूबाजूच्या त्वचेशी मिळवून पुसणारा हीलिंग ब्रश 2002 ला. एवढ्याशा हत्यारांवर त्या काळात जगभरच्या मासिकांची मुखपृष्ठं आणि सिनेमांची पोस्टरं झाली. आज हे सगळं एलिमेंट्समध्ये आहे. लेअर मास्क, म्हणजे फोटोचा काही भाग न पुसता नुसता झाकायची सोय, तीही 2010 सालच्या नवव्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे ज्याला तुझे स्टुडिओवाले खेळणं म्हणतात, त्यात एका पिढीच्या व्यावसायिकांची बहुतेक हत्यारं आहेत.

मग मोठ्या फोटोशॉपमध्ये जास्तीचं असं काय आहे? पुष्कळ आहे, पण त्यातला मोठा वाटा छापखान्यासाठी आहे, आणि इथे मला अधिकाराने बोलता येईल, कारण माझं आयुष्य छपाईआधीच्या फाइली तयार करण्यात चाललंय. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत रंग मांडायची सोय, आणि पेन टूल 1991 च्या दुसऱ्याच आवृत्तीत आलं, ते छापणाऱ्यांना हवं होतं म्हणून. एलिमेंट्समध्ये सीएमवायके नाही. रंगांच्या वेगवेगळ्या चॅनेलचं पॅनेल नाही. पेन टूल नाही. कर्व्ह आहे, पण हाताने हवा तसा वाकवता येत नाही, ठरावीक स्लायडर सरकवावे लागतात. आणि तेच ते काम शेकडो फोटोंवर करायला स्वतःची ॲक्शन रेकॉर्ड करता येत नाही.

सीएमवायके नसल्याने काय अडतं, तेही सांगतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल डोळ्यांपुढे आण. स्क्रीनवर तो गुलाबी पेटल्यासारखा दिसतो, कारण तिथे रंग प्रकाशाचा असतो. ऑफसेटवर तोच रंग निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून काढावा लागतो आणि तो विटका होतो. शाईत तेवढं तेज नाहीच. फोटोशॉपमध्ये हा विटकेपणा आधी स्क्रीनवर पाहता येतो आणि मग कुठला रंग किती राखायचा ते ठरवता येतं. दुसरं उदाहरण लग्नपत्रिकेचं. आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतल्या, फाइलमधलं काळं अक्षर सीएमवायके होताना बहुतेक वेळा चारही शायांत वाटलं जातं. मशीनवर कागद केसभर हलला की बारीक अक्षराला लालनिळी कडा येते आणि मजकूर धुरकट दिसतो. म्हणून पत्रिकेचा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवायचा असतो. एलिमेंट्समध्ये हे जमणार नाही. तिथे सीएमवायकेतली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, उघडलीस तर ती आधी आरजीबीत बदलून मागते.

पण तुझे फोटो जातात कुठे? व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर, आणि अल्बम करणाऱ्या कलर लॅबला. लॅबवाले साधारणपणे आरजीबी जेपेगच मागतात. उद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं काम मिळालं तर फाइल माझ्याकडे पाठव, सीएमवायके मी करून देईन. त्या एका कामासाठी महिन्या-महिन्याचं भाडं भरत बसू नकोस. भाडं म्हणायचं कारण असं, की 2013 पासून अडोबी या कंपनीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं बंद केलं, आता वर्गणी भरायची तोवर वापरायचं. एलिमेंट्स पूर्वी एकदाच विकत घेता यायचं. 2025 च्या आवृत्तीपासून तेही तीन वर्षांच्या मुदतीचं झालं आहे, हे लक्षात ठेव. तरीही नव्या धंद्यात ज्या महिन्याला ऑर्डरच नाही त्या महिन्याचा हप्ता जड जातो, आणि इथे तो नाही.

आता ज्यावर तुझी खरी मेहनत व्हायला हवी त्याबद्दल. तू पाठवलेले हळदीचे फोटो मी मोठे करून बघितले. उन्हात बसलेल्या नवरीच्या गालावर हळदीचा सपाट पिवळा ठिपका झालाय, त्यात कातडीचा पोत उरलेलाच नाही. गडद पिवळ्यात तांबडा चॅनेल सगळ्यांत आधी 255 ला जाऊन टेकतो, आणि तू जेपेगमध्ये फोटो काढलेस, त्यामुळे तिथली माहिती कॅमेऱ्यानेच टाकून दिली. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही, मोठं फोटोशॉपही नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. 14 बिट रॉ फाइलमध्ये 16,384. रॉमध्ये काढ आणि एक्स्पोजर जरा कमी ठेव, म्हणजे गालावरचे हायलाइट्स खाली ओढले की हळदीच्या रेषा, बोटांचे ठसे सगळे दिसतील.

रॉ फाइल एलिमेंट्समध्येही अडोबीच्या कॅमेरा रॉमध्येच उघडते, थोड्या कमी सोयींसह. इथे एक मर्यादा आहे आणि तिच्यातून वाटही आहे. एलिमेंट्सच्या एडिटरमध्ये 16 बिटवर लेअर्स चालत नाहीत, फाइल 8 बिट करावी लागते. म्हणून उजेड, सावल्या, व्हाइट बॅलन्स हे सगळं जड काम कॅमेरा रॉमध्येच उरक, हिस्टोग्रामचा तांबडा डोंगर उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघ, आणि मगच फाइल एडिटरमध्ये घे. हे उलटं केलंस, म्हणजे 8 बिट झाल्यावर मंडपाच्या मागच्या पडद्याची सावली उजळायला गेलीस, तर पडद्यावर पट्टे पडतील. ही शिस्त मोठं फोटोशॉप वापरणारेही पाळतात.

एलिमेंट्समध्ये क्विक, गाइडेड आणि ॲडव्हान्स्ड असे तीन मोड आहेत. जुन्या आवृत्त्यांत तिसऱ्याचं नाव एक्स्पर्ट होतं. पहिल्या दोन मोडमध्ये रमू नकोस. गाइडेड मोड शिकायला चांगला, पण त्याने काय केलं ते लगेच ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लेअर्सच्या यादीत बघ आणि मग तेच हाताने करून पाहा. नवशिक्यांच्या आवृत्तीत खरा धोका काही असेल तर तो या आयत्या बटणांचा आहे. गिऱ्हाईक म्हणालं की नथ जरा जास्त चमकतेय, तर नथीपुरतं काम कसं करायचं हे बटणाला विचारता येत नाही. लेअर, मास्क आणि सिलेक्शन या तिन्हींवर हात बसला की पुढे पुण्यामुंबईत कुणी तुला मोठ्या फोटोशॉपसमोर बसवलं तरी तू आठवड्याभरात रुळशील.

मराठी अक्षरांचं दुखणं मात्र आधीच तपासून घे. अल्बमच्या पहिल्या पानावर "शुभविवाह" आणि नवरा-नवरीची नावं लागणारच. युनिकोड मराठी टाइप केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, किंवा जोडाक्षर फुटून पायमोडकं दिसलं, तर मजकुराचं इंजिन भारतीय लिपी सांभाळत नाही असं समजायचं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांची सोय निवडली की ते सुटायचं, नव्या आवृत्त्यांत ती सोय आपोआप असते. जुने डिझायनर अजून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर काम करतात, त्यातलं एक कारण हेच. ही दोन्ही सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघता येतात, तेव्हा "श्री", "शुभविवाह", "क्रिया", "ज्येष्ठ" हे चार शब्द टाइप करून बघ. एलिमेंट्समध्ये ते बिघडले तर मजकुराचं पान जिंपमध्ये कर. जिंप फुकट आहे, मराठी नीट दाखवतं, आणि 2025 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तर फिल्टर लावून नंतर तो बदलायचीही सोय झाली. पैशांची फारच ओढाताण असेल तर सगळं कामच त्यात केलंस तरी मी तुला अडवणार नाही. शिकवणारं माणूस जवळपास मिळणं तेवढं कठीण.

लॅपटॉपचंही बघ. 12 बाय 36 इंचाचं करिझ्मा अल्बमचं पान 300 डीपीआयला 3,600 बाय 10,800 पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ 3.9 कोटी. पानभर पसरलेली एकेक लेअर शंभर एमबीच्या वर जाते. तुझ्या मशीनवर 8 जीबी रॅम आहे. दहा-बारा लेअर्स झाल्या की ते कण्हायला लागेल, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. वाचलेले पैसे आधी रॅमला आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कला लाव.

क्रॅक केलेलं फोटोशॉप कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तर घेऊ नकोस. ती चोरी आहे, आणि त्याच लॅपटॉपवर लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात. लोकांनी ते तुझ्या भरवशावर दिलेले असतात.

मोठं फोटोशॉप घ्यायची वेळ कधी आली म्हणायचं? छापखान्याची कामं नियमित येऊ लागली, किंवा दर लग्नाचे हजारभर फोटो निवडून एकसारखे करण्यात रात्री जाऊ लागल्या, तर. दुसऱ्या कामाला खरं तर फोटोशॉपपेक्षा लाइटरूम हवं, आणि अडोबीच्या फोटोग्राफी प्लॅनमध्ये दोन्ही एकत्र मिळतात. तेव्हा तो प्लॅन बिनदिक्कत घे, पैसे वसूल होतील.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागेल, मग तुला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. त्याआधी एलिमेंट्सची ट्रायल उतरवून घे, घरातल्याच कुणाला तरी हळद लावून अंगणातल्या उन्हात रॉमध्ये फोटो काढ, त्यावर काम कर आणि मूळ रॉ फाइल आणि तुझी पीएसडी दोन्ही मला पाठव. लेअर्स एकत्र करू नकोस, आहेत तशा राहू देत. प्रत्येक लेअर उघडून बघतो आणि काय वाटलं ते कळवतो.

तुझा,
मामा